पांढऱ्या गाडीचा पिंजरा

शाळेच्या उतारावर तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ तळाला जाऊन टेकला. मध्ये काही लागलंच नाही. मागच्या सीटवर मुलगी दातांत क्लिप धरून वेणी घालत होती. समोर, उतार संपतो तिथे, पोरं रस्ता ओलांडत होती.

त्यानंतर तिने नेमकं काय केलं ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. आधी हँडब्रेक ओढला की आधी गिअर खाली पाडला, कोण जाणे. गाडी किंचाळत तिरकी झाली, फुटपाथवर चढली आणि एका बंद दुकानाच्या शटरला नाक लावून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मुलगी म्हणाली, "आई, क्लिप गिळली असती ना मी!" आणि मग हुंदके देऊन रडायला लागली.

मेकॅनिकने चाक काढून पाहिलं. "पॅड पार संपलेत. लोखंडावर लोखंड घासून तेल गळून गेलंय. कुठे डोंगरबिंगर उतरवला होता का?"

डोंगर नव्हता. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने गाडी ट्रॅकवर नेली होती.

तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, घरात तीसुद्धा. गावाबाहेर शर्यतींचा ट्रॅक होता आणि वर्षातून पाच-सहा रविवार तो साध्या माणसांसाठी उघडा असे. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपापली गाडी जमेल तेवढ्या वेगाने पळवायची. त्यात शर्यत नाही, बक्षीस नाही, नंबर नाही. मास्तरला त्या रविवारांचं वेड होतं. एरवी जिना उतरताना कठडा धरणारा हा माणूस ट्रॅकवरून आला की दोन दिवस शीळ घालत फिरायचा.

ती स्वतः बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायची. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं भिंगबाई. चौदा वर्षांपूर्वी तिथे एक जोड फुटला होता. तो तपासला होता दुसऱ्याने, पण वाफेत होरपळलेल्या माणसाला बाहेर आणताना धरणाऱ्यांत ती होती. तेव्हापासून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लोखंड आधी सांगून फुटत नाही.

मास्तरने त्या दिवशी हात जोडले. "पुन्हा ट्रॅकचं नाव काढणार नाही," म्हणाला. आणि चार महिने खरंच काढलं नाही. कुरकुर नाही, टोमणा नाही. फक्त सकाळी न्हाणीघरातून गिअर बदलल्याचे आवाज येत. पहिल्यांदा माय-लेकी पोट धरून हसल्या. मग हळूहळू तिला ते ऐकवेना. माणूस घरात होता, वह्या तपासत होता, भाजी आणत होता, पण दिवा मंद करून ठेवावा तसा झाला होता.

शेवटी तिनेच विषय काढला. "वेगळी गाडी घे. फक्त ट्रॅकसाठी. घरची गाडी त्या फाटकातून पुन्हा आत जायची नाही. आणि जी घेशील ती आधी मी तपासणार. मी नाही म्हटलं की नाही."

मास्तरने लाल पेन खाली ठेवलं. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर म्हणतेय."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरने वही घातली. गाड्यांचे तक्ते, वजनं, सुट्या भागांच्या किमती, एका टायरमध्ये किती रविवार निघतात त्याचे भागाकार. त्याचा जीव अडकला होता एका बुटक्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या गाडीत. ती म्हणाली, "छप्परच नाही? उलटली तर डोकं काय डिकीत ठेवणार?" ती गाडी खोडली गेली. मग एक ताकदवान, मागच्या चाकांवर पळणारी होती. तिच्या फक्त टायरच्या हिशेबानेच मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. उरल्या लहान, हलक्या, जुन्या गाड्या, ज्यांचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

गाडी विकत घेणं सोपं, पोसणं अवघड, हे त्या वहीतून दोघांना कळत गेलं. हाताशी असतील त्यातले निम्मे पैसे गाडीला आणि निम्मे तिच्या वर्षभराच्या ब्रेकला, तेलाला, टायरला. विमा कंपनीला तिने फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की ट्रॅकच्या फाटकातून आत गेल्यावर विमा संपतो. म्हणजे आपटली तर गेली, सगळीच्या सगळी. मास्तरने मोटारसायकल विकली, शाळेआधीच्या शिकवण्या धरल्या. स्वयंपाकघराच्या फरशा तिने आणखी एक वर्ष पुढे ढकलल्या. एवढं करून जमले ते पैसे मास्तरच्या अडीच पगारांएवढे.

आणि मग कप्तान मध्ये आला.

कप्तान म्हणजे ट्रॅकवरचा मोठा माणूस. तरुणपणी शर्यती जिंकलेला, आता गाड्या बांधून विकणारा. उंच, पिकलेल्या मिशांचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. त्याने मास्तरला निरोप पाठवला की एक पांढरी गाडी तयार आहे, आतून रिकामी केलेली, शर्यतीची सीट, नवे ब्रेक आणि मुख्य म्हणजे पिंजरा. गाडी उलटली तर छप्पर माणसावर बसू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा वेल्ड करतात, त्याला ट्रॅकवाले पिंजरा म्हणत. असा पिंजरा बसवून घ्यायलाच मास्तरचे सगळे पैसे गेले असते. इथे तर अख्खी गाडी त्या पैशांत मिळत होती.

"तुझ्यासाठीच घेतोय बघ पिंजरा," मास्तर म्हणाला. "तुला भीती वाटते ना."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण आकडा ऐकून तिने मनातच हिशेब मांडला. एवढ्या पैशांत हे काम होत नाही. नळीचा भाव तिला ठाऊक होता, वेल्डरची मजुरी ठाऊक होती. काहीतरी कुठेतरी कमी होतं.

शनिवारी सकाळी दोघं कप्तानच्या गॅरेजवर गेली. लांबट शेड, दोन्ही बाजूंना सुटे दरवाजे आणि इंजिनं, मध्ये ती पांढरी गाडी. चकचकीत. आतला पिंजरासुद्धा पांढरा रंगवलेला. मास्तर चपला काढून आत जातो की काय असं तिला वाटलं.

"या वहिनी," कप्तान म्हणाला. "मास्तर म्हणाले, परीक्षा घेणार आहात. घ्या. आमचंही शिक्षण होईल."

तिने पर्समधून टॉर्च काढला आणि दात बघायचा असतो तसा दांडीचा लहान आरसा. कप्तान हसला. "दाढ काढताय की काय?"

ती गाडीत शिरली. पायाजवळचे जोड छान होते, सारख्या लाटांचे, हात बसलेल्या माणसाचे. दारापाशीचेही. तिला हायसं वाटू लागलं. मग तिने मान वाकडी करून डोक्यावर पाहिलं. चालकाच्या डोक्याच्या वर, जिथे मागची कमान आणि पुढच्या नळ्या एकत्र येतात, तिथे नळी छताला जवळजवळ चिकटलेली होती. खालून जोड दिसत होता, सुंदर. वरची बाजू छताआड. तिने आरसा त्या फटीत सरकवला आणि टॉर्च तिरपा धरला.

वर जोडाला लाटा नव्हत्या. गुळगुळीत होतं. वेल्डिंग कधी इतकं गुळगुळीत नसतं.

बाहेर कप्तानचा फोन वाजला. तो बोलत शेडच्या दाराकडे गेला. तिने पर्समधली नखांची कानस काढली आणि त्या गुळगुळीत भागावर घासली. पांढरा रंग उडाला. खाली करडी पुट्टी. आणखी घासली. पुट्टीचा पोपडा सुटून तिच्या मांडीवर पडला आणि कानशीचं टोक आत गेलं. नळी आणि नळीच्या मध्ये. बोटाच्या पेराएवढं आत. दुसऱ्या बाजूलाही तेच.

डोक्यावरच्या चार जोडांपैकी दोन अर्धेच लावले होते. गाडी उलटली असती तर ती नळी उघडली असती, दार उघडावं तशी, आणि तिचं टोक कुठे आलं असतं ते बघायला तिला लांब जावं लागलं नाही. तिने मागे टेकून पाहिलं. ती फट बरोबर तिच्या टाळूवर होती.

"मास्तर," तिने हाक मारली. "मास्तर, इकडे ये."

मास्तरच्या आधी कप्तान आला. त्याने तिच्या मांडीवरचा पोपडा पाहिला, कानस पाहिली. हसू गेलं नाही, पण डोळ्यांतून उतरलं.

"माझ्या गाडीला हात लावायला सांगितलं, ओरबाडायला नाही."

"वरून वेल्डिंगच नाहीये," ती म्हणाली. "पुट्टी भरलीय."

"तिथे लागत नाही वहिनी. बॉयलर आहे का हा? वाफ भरायचीय का आत?" तो मास्तरकडे वळला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वीस वर्षं गाड्या बांधतोय मी. तुम्ही सांगा यांना."

ती मास्तरकडे बघत होती. मास्तर जमिनीकडे. "कप्तान असं... म्हणजे त्यांना माहीत असेल ना गं, कुठे काय लागतं ते," तो पुटपुटला.

कप्तान शांतपणे शेडच्या दाराकडे गेला आणि त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. आतला उजेड एकदम कमी झाला. परत येऊन तो गाडीचं दार धरून उभा राहिला. तिला गाडीतून उतरायचं तर त्याला बाजूला व्हावं लागणार होतं.

"बाहेर हे बोलायचं नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "ट्रॅकवर माझा शब्द चालतो. मास्तरांना पुन्हा आत पाय ठेवायचा असेल, तर घरात नीट समजावा. आणि रंगाचे पैसे मी मास्तरांच्या आगाऊ रकमेतून कापून घेईन."

"आगाऊ रक्कम?"

मास्तरने बुधवारीच पैसे देऊन ठेवले होते. तिला न सांगता, गाडी दुसऱ्याला जाऊ नये म्हणून.

कप्तान बाजूला झाला, पण अगदी सावकाश. ती शटरखालून वाकून बाहेर पडली. वाकलेल्या पाठीवर काहीतरी येऊन पडेल असं तिला वाटत होतं. काहीच पडलं नाही.

घरी जायला अर्धा तास लागला. दाराशी आल्यावर मास्तर म्हणाला, "चुकलो मी."

"कशात? पैसे दिलेत त्यात, की तिथे गप्प बसलास त्यात?"

"दोन्हीत. आणि नंतर कबूल करायला अर्धा तास लावला, त्यातही."

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. मास्तरला कप्तानचे दोन फोन आले. बोलणं गोडच, शेवटी एकच वाक्य: वहिनींना सांभाळा. मंगळवारी सकाळी समोरच्या बाजूला गाड्या ओढून नेणारा एक निळा ट्रक उभा होता. गुरुवारी पुन्हा. कप्तानचा होता की शेजाऱ्याची गाडी बिघडली होती, तिला कळायला मार्ग नव्हता. खाली जाऊन विचारायचं धाडसही झालं नाही. ती पडद्याआडून बघायची आणि मुलीला मागच्या दाराने शाळेला न्यायची. कारखान्यात एक जोड तिने तीनदा तपासला आणि तरी सही करायला हात उचलेना.

ती गाडी दुसरा कुणीतरी घेईल हे तिला समजत नव्हतं असं नाही. पहिल्याच संध्याकाळी समजलं होतं. ट्रॅकवर एक फोन करायचा, एवढंच काम. तिने दोनदा नंबर लावला आणि दोनदा तोडला. नवऱ्याचा ट्रॅक बंद होईल, तो निळा ट्रक रोज येईल, आपली बाजू कोण घेणार? मनाशी म्हणायची, घेणारा बघून घेईल. आणि लगेच आठवायचं की वरची बाजू बघायला आरसा लागतो. कुणाकडे असतो आरसा?

रविवारी मास्तरचा ट्रॅकवर जायचा दिवस होता. फी कधीच भरलेली, गाडी नाही. पण तिथल्या फलकावर एका निवृत्त पोस्टमनने जुनी गाडी विकायला लावली होती, ती बघावी म्हणून दोघं गेली. मास्तर म्हणाला, "कप्तान भेटले तर मी बोलेन. तू गप्प राहा." ती बरं म्हणाली.

कठड्यापाशी एक म्हातारे गृहस्थ घडीच्या स्टुलावर बसले होते. बाहीवर पिठाचे डाग, मांडीवर डबा. गाड्या समोरून सुसाटत गेल्या की ते मान लांब करत. ती शेजारी उभी राहिली तसं त्यांनी आपणहून सांगितलं, "आता येईल बघा आमची. पांढरी. मुलाने घेतली परवा. आमची बेकरी आहे ना, चार वर्षं जादा ऑर्डरी घेऊन साठवले पोराने. मी म्हटलं, बाबा रे, जीवबीव जाईल. तर म्हणाला, अहो बाबा, पिंजरा आहे आत."

वळणातून पांढरी गाडी बाहेर आली, डुलली, सावरली आणि त्यांच्यासमोरून गेली. हेल्मेटवर, अगदी वर, ती नळी. म्हाताऱ्यांनी हात हलवला.

ती पळत सुटली. मास्तर मागे. नियंत्रण कक्ष म्हणजे काचेची खोली, जिन्याने वर. आत ट्रॅकप्रमुख होता, घोगऱ्या आवाजाचा जाडजूड माणूस, कानाला फोन, पुढ्यात चहा. आणि खिडकीशी पाठ करून उभा कप्तान.

"ती पांढरी गाडी थांबवा," ती धापा टाकत म्हणाली. "पिंजरा खोटा आहे तिचा. डोक्यावरचे दोन जोड उघडे आहेत. मी बघितलेत, कानस जाते आत."

ट्रॅकप्रमुखाने फोन खाली ठेवला. "तुम्ही कोण?"

"बॉयलरचे जोड तपासते. अठरा वर्षं."

कप्तान वळला. "यांनी माझ्याकडे आगाऊ पैसे ठेवले होते, साहेब. नंतर गाडी नको झाली. पैसे परत मिळाले नाहीत, म्हणून हा तमाशा." तो थकल्यासारखा हसला. "मास्तर, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

ट्रॅकप्रमुख एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. खाली पंधरा गाड्या पळत होत्या. एका बाईच्या सांगण्यावरून लाल झेंडा दाखवायचा तर पंधरा माणसं फी परत मागायला जिन्याशी आली असती. "हेल्मेट, पट्टे, टायर आम्ही तपासतो," तो म्हणाला. "पिंजऱ्याचं बांधणारा बघतो. आणि कप्तान म्हणजे..."

काचेतून पांढरी गाडी पुन्हा दिसली. लांब वळणावर तिचं मागचं अंग बाहेर सरकलं, धुळीत एक चाक गेलं, परत आलं. आपण इथे उभ्या आहोत आणि ते इथून, काचेतून, बघावं लागणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेव्हा मास्तर बोलला. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उठवतात तसा, साध्या आवाजात.

"कप्तान, तुम्ही बसा ना तिच्यात."

"काय?"

"बेकरीवाल्याला आत बोलावू. तुम्ही चालवा. हवं तेवढं जोरात. एकच फेरी. मी तुमच्याकडून पाच वर्षं शिकलो. तुम्ही बसलात तर मी माझ्या बायकोला सगळ्यांसमोर माफी मागायला लावतो."

कप्तानचा हात खिशाकडे गेला, काही सापडलं नाही, परत आला. पांढरी गाडी सरळ रस्त्यावर आली होती, सगळ्यात वेगवान भागात. कप्तान तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा बघून तिला आठ दिवसांत पहिल्यांदा त्याची भीती वाटेनाशी झाली. तो तिच्याइतकाच घाबरला होता.

"थांबवा," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" ट्रॅकप्रमुखाने विचारलं.

"झेंडा दाखवा! थांबवा तिला!"

लाल झेंडे लागले. पण झेंडा लागला म्हणून गाडी जागेवर थांबत नाही. चालकाला तो दिसावा लागतो, वेग उतरावा लागतो, आणि पुढे दोन वळणं होती. त्या दोन वळणांचा वेळ चौघांनी काचेला चिकटून काढला. एका ठिकाणी गाडी झाडांमागे गेली. मास्तरने तिचा हात इतका घट्ट धरला की नंतर दोन दिवस अंगठी निघेना. मग झाडांपलीकडून पांढरं टोक दिसलं. सावकाश, अगदी सावकाश, बाजारातून चालल्यासारखी गाडी फाटकाकडे आली.

बेकरीवाला उतरला तो चिडूनच. "माझ्याच गाडीला का? काय केलं मी?" तिने आरसा त्याच्या हातात दिला आणि टॉर्च धरला. रंगाचा नवा हात मारला होता. नवी पुट्टीही. तिने कानस घातली. पोपडा पडला. पोराने बोट वर नेलं, फटीवरून फिरवलं आणि तसाच उभा राहिला. त्याचे वडील स्टूल हातात घेऊन मागून आले होते. "काय झालं? अरे, काय झालं?" ते विचारत राहिले. पोराने वडिलांना जवळ घेतलं.

कप्तान टायरच्या ढिगावर बसला होता. कुणीतरी विचारलं, का केलंत असं. तो म्हणाला, "छत कापावं लागलं असतं. तीन दिवसांचं काम होतं."

बेकरीवाल्याचे पैसे ट्रॅकप्रमुखाने कप्तानकडून तिथल्या तिथे लिहून घेऊन परत करवले. मास्तरची आगाऊ रक्कम बुडाली ती बुडालीच. त्या शेडमध्ये पुन्हा मागायला जायचं दोघांच्याही मनात आलं नाही. कप्तानने आधी बांधलेल्या, अजून ट्रॅकवर येणाऱ्या पाच गाड्या पुढच्या आठवड्यात तिने तपासल्या. त्यातल्या चार अगदी चोख निघाल्या. पाचवीत एक जोड तसाच. ती गाडी दोन वर्षं पळत होती. तिचा मालक, एक औषधविक्रेता, ऐकून हसायला लागला आणि मग खुर्ची शोधू लागला. तिलाही बसावंसं वाटलं. तिने फोन तोडला होता त्या दोन वेळा तिने मास्तरलाही कधी सांगितल्या नाहीत.

पोस्टमनची गाडी करड्या रंगाची होती, पाच दारांची, सीटवर विणलेली कव्हरं. पिंजराबिंजरा काही नाही. बुधवारी तिने ती दोन तास तपासली, खालून, वरून, गालिचा उचलून. एका जागी गंज होता, तो तिच्या कारखान्यातल्या वेल्डरने कापून नवा पत्रा लावून दिला. आगाऊ रक्कम गेल्यामुळे टायरचे पैसे उरले नव्हते. मास्तरने आणखी दोन महिने शिकवण्या घेतल्या. एवढ्या पैशांत अशीच गाडी येते आणि पिंजरा नाही म्हणून मास्तरने फक्त सावकाश चालवणाऱ्यांच्या गटात जायचं, असं ठरलं. मुलीने गाडीचं नाव ठेवलं टपाल.

पहिल्या रविवारी ती कठड्याशी उभी राहिली. बेकरीवाल्याचे वडील आले होते, मुलगा अजून गाडी शोधत होता. म्हातारे म्हणाले, "बसा ना." ती बसली नाही.

टपाल सगळ्यांच्या मागून निघाली. वळणाला तिचं सगळं अंग बाहेर झुकायचं, म्हशीसारखं. तरी झाडांआड गाडी गेली की हिचा श्वास अडकायचा आणि पलीकडून करडं नाक दिसेपर्यंत सुटायचा नाही. आपण हे कधीतरी सरावाने सोसू लागू, असं तिला वाटलं होतं. तसं काही होणार नव्हतं, हे तिला तिसऱ्या फेरीला कळलं.

चौथ्या फेरीनंतर मास्तर मध्येच आत आला. सात फेऱ्या होत्या. त्याने हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले.

"काय झालं?"

"खालच्या वळणावर मागचं सरकलं. थोडंच." त्याने पाण्याची बाटली घेतली, पण प्यायला नाही. "भीती वाटली गं."

"मग?"

"मग आलो."

खाली बसून तिने चारही चाकांवर हात फिरवला, नट पाहिले, मापकाने हवा मोजली, ब्रेकजवळ हात नेऊन ऊब पाहिली. गडबड केली नाही. मास्तर ट्रॅककडे बघत होता, शाळेच्या खिडकीतून मैदानाकडे बघतात तसा, आणि हेल्मेट हातात फिरवत होता.

"नट ठीक आहेत," ती उठत म्हणाली. "मागच्या डाव्या टायरात हवा जास्त आहे. ती कमी कर."

"आणि मग?"

"मग जायचं तर जा. तीन फेऱ्या राहिल्यात."

त्याने हवा कमी केली. मापक तिच्या हातात दिलं, तिने पाहिलं, मान हलवली. गाडी निघाली आणि ती पुन्हा कठड्याशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी लोखंड धरून.